पोटात की पाठीवर?

नीरा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की माळशिरस तालुक्यातली उसाची आणि डाळिंबाची रानं भिजतात, विहिरींची पातळी वर येते आणि घरातले हंडे भरतात. त्यातला पंधरा लिटरचा एक भरलेला हंडा घ्या. पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण त्या हंड्यातले सगळे हायड्रोजन सारखे नसतात बरं का! साधारण साडेसहा हजारांत एखादा हायड्रोजन आपल्या भावंडांपेक्षा दुप्पट वजनदार असतो. त्याच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉनही असतो. त्याचं नाव ड्यूटेरियम. एका लिटरात तो सुमारे ३३ मिलिग्रॅम भरतो, म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्यात जवळजवळ अर्धा ग्रॅम. तुमच्या घरी, माझ्या घरी, कालव्यात, उसाच्या रसात, तुमच्या रक्तातसुद्धा ड्यूटेरियम आहे. तो किरणोत्सारी नाही, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही.

ज्या पाण्यात जवळजवळ सगळे हायड्रोजन या वजनदार जातीचे असतात त्याला जड पाणी म्हणतात. ते दिसायला साध्या पाण्यासारखंच, पण एक लिटर जड पाणी तोललं तर एक किलो शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ इथे ते बनवण्याचा मोठा कारखाना आहे. आपल्या अणुभट्ट्यांना ते लागतं.

आता या ड्यूटेरियमची खरी गंमत. ड्यूटेरियमची दोन केंद्रकं एकमेकांना अगदी चिकटली, एक झाली, तर त्यातून नवं केंद्रक तयार होतं आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. याला संमीलन म्हणतात. सूर्य संमीलनावरच तळपतो. पण दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना जोरात दूर ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान असतं, म्हणून तिथे केंद्रकं इतक्या वेगानं धावतात की तो विरोध मोडून पडतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांना तर त्याहून जास्त, दहा कोटी अंशांच्या पुढचं तापमान लागतं. सूर्यासारखा अवाढव्य दाब आपल्याकडे नाही ना!

आणि मग आली २३ मार्च १९८९ ही तारीख. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात काम करणारे दोन रसायनशास्त्रज्ञ, मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स, पत्रकारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की आम्ही टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, जवळपास खोलीच्याच तापमानाला, संमीलन घडवलं आहे. भांड्यात जड पाणी, त्यात बुडवलेली पॅलेडियम धातूची कांडी, भोवती प्लॅटिनमची तार, आणि त्यांतून सोडलेली वीज. बस्स! आम्ही दिली त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर आली, असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रकाराला जगानं कोल्ड फ्यूजन म्हटलं. आपण शीत संमीलन म्हणू.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी लगेच विचारेल, 'हे घडतं म्हणता, पण नेमकं कुठे? धातूच्या पाठीवर, की पोटात?' मला हा प्रश्न फार आवडतो. खरं सांगायचं तर मला तो 'किती ऊर्जा मिळाली' यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. चोरी झाली की पोलीस आधी जागा बघतात. जागा सापडली की बाकीचे धागे हाती लागतात. आणि जागा सापडतच नसेल, तर चोरी झाली तरी का, हे पुन्हा तपासावं लागतं.

आधी पॅलेडियम हा धातू किती चमत्कारिक आहे ते बघू. हायड्रोजन तो अक्षरशः गिळतो. १८६० च्या दशकात थॉमस ग्रॅहम या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की पॅलेडियमचा तुकडा स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेकडा पट हायड्रोजन वायू पोटात घेतो. कसं काय? आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नातेपुत्याहून निघून माळशिरसला मुक्कामाला येते, ती रात्र डोळ्यांसमोर आणा. गावातली घरं तेवढीच, जागच्या जागी. पण ओसरी, पडवी, शाळेचे वर्ग, देवळाचा सभामंडप, दोन घरांमधलं अंगण, सगळं वारकऱ्यांनी भरून जातं. पॅलेडियमचे अणू त्या घरांसारखे नेमक्या अंतरावर, ओळीनं वसलेले असतात आणि दर घरामागे एक अंगण मोकळं असतं. ड्यूटेरियमचे अणू वेशीतून शिरतात, या अंगणातून त्या अंगणात सरकत सरकत आतपर्यंत जातात, आणि वीज चालू असेपर्यंत मागून नवे येतच राहतात. जवळजवळ सगळी अंगणं भरली की दर पॅलेडियम अणूमागे जवळजवळ एक ड्यूटेरियम होतो.

इथे बहुतेकांना वाटतं, की एवढी गर्दी झाली म्हणजे दोन ड्यूटेरियम एकमेकांवर आदळणारच. फ्लाइशमन आणि पॉन्स यांनाही असंच काहीसं वाटत होतं. कांडीच्या आत जणू अफाट दाब तयार होतो, असं ते सांगत. म्हणजे त्यांचं उत्तर होतं, पोटात. त्यांनी उष्णतेचे आकडे मांडले तेही धातूच्या दर घन सेंटिमीटरमागे किती वॉट, अशा हिशेबानं.

पण थांबा, पट्टी घेऊन मोजू. साध्या ड्यूटेरियम वायूच्या रेणूत दोन अणू असतात आणि त्यांच्या केंद्रकांमधलं अंतर असतं ०.०७४ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आता पूर्ण भरलेल्या पॅलेडियममध्ये शेजारच्या दोन अंगणांमधलं अंतर किती? सुमारे ०.२८ नॅनोमीटर! म्हणजे धातूत शिरल्यावर दोन ड्यूटेरियम जवळ येत नाहीत, उलट जवळजवळ चौपट लांब जातात. गर्दी मोठी, पण प्रत्येकाचं अंगण वेगळं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झालो होतो, कारण मनातलं सगळं चित्रच त्यानं उलटं केलं.

मग त्या रेणूतले दोघे, जे एकमेकांच्या जास्त जवळ आहेत, ते तरी एक होतात का? १९८९ मध्येच स्टीव्हन कूनिन आणि मायकेल नॉएनबर्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी याचं गणित केलं. उत्तर असं आलं, की सूर्याच्या वजनाएवढा ड्यूटेरियम वायू थंडपणे नुसता ठेवून दिला, तर त्या सगळ्या ढिगात मिळून वर्षभरात एखाददुसरं संमीलन होईल. सूर्याएवढ्या ढिगात! आणि इथे तर बोटभर कांडीतून पाणी तापवण्याइतकी ऊर्जा मिळाल्याचा दावा होता. भौतिकशास्त्रज्ञ का चक्रावले हे आता लक्षात आलं ना?

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ, कारण या शोधाचा एक फार रंगतदार अध्याय मुंबईत ट्रॉम्बेला घडला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक होते डॉ. पी. के. अय्यंगार. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीतले ते एक प्रमुख शास्त्रज्ञ. युटाची बातमी कळल्यावर त्यांनी 'बघू, खरं की खोटं ते करूनच बघू' असं ठरवलं. त्यांच्या केंद्रात जड पाणी होतं, धातूंचे जाणकार होते, रसायनशास्त्रज्ञ होते आणि न्यूट्रॉन मोजण्यात मुरलेली माणसं तर होतीच. डॉ. महादेव श्रीनिवासन हे या कामातलं दुसरं मोठं नाव. दहा-बारा गट आणि सुमारे पन्नास शास्त्रज्ञ-अभियंते कामाला लागले. काही आठवड्यांतच, एप्रिल १९८९ मध्ये, त्यांच्या उपकरणांनी न्यूट्रॉन टिपल्याची नोंद झाली. त्यासाठी वापरलेला सेल, म्हणजे विजेनं पाणी फोडायचं भांडं, मुळात हायड्रोजन वायू तयार करण्यासाठी विकत मिळणारा होता. त्यात पॅलेडियम आणि चांदीच्या मिश्रधातूच्या नळ्या होत्या. त्यात जड पाणी घालून त्यांनी प्रयोग केला. डिसेंबर १९८९ मध्ये अय्यंगार आणि श्रीनिवासन यांनी या सगळ्या गटांच्या कामाचा एकत्र अहवाल काढला. त्याचा क्रमांक आहे बीएआरसी-१५००.

ट्रॉम्बेच्या मंडळींनी उष्णतेपेक्षा वेगळ्या गोष्टींवर भर दिला, आणि मला ती निवड शहाणपणाची वाटते. उष्णता मोजताना चुका होतात. पण ड्यूटेरियमच्या दोन केंद्रकांचं संमीलन झालं तर ते खुणा मागे ठेवतं. कधी हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन तयार होतात, कधी ट्रिटियम, म्हणजे दोन न्यूट्रॉनवाला हायड्रोजन, आणि एक प्रोटॉन. दोन्ही शक्यता जवळपास सारख्याच. म्हणजे जितके न्यूट्रॉन तितकाच ट्रिटियम सापडायला हवा. ट्रॉम्बेला काय सापडलं? त्यांच्या मोजणीत ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या कोट्यवधी पट जास्त आला. शिवाय न्यूट्रॉनही नेहमी एकेक करून न येता मधूनच झुंडीनं आल्याचं त्यांनी नोंदवलं. पुस्तकातल्या संमीलनाशी हे जुळत नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही, जसं मोजलं तसं छापलं. याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. पोटात की पाठीवर? ट्रॉम्बेच्या एका गटानं हे शोधायला फारच सुंदर युक्ती वापरली. आर. के. राउत, एम. श्रीनिवासन आणि ए. श्याम ही त्या कामातली नावं. त्यांनी टायटॅनियम धातूच्या बटणाएवढ्या चकत्या घेतल्या. टायटॅनियमही ड्यूटेरियम शोषतो. चकत्या तापवून त्यांना ड्यूटेरियम वायू पाजला आणि मग त्या अंधारात एक्स-रेच्या फिल्मवर ठेवून दिल्या. हो, तीच फिल्म. हात मोडला तर दवाखान्यात काढतात ना, तसल्या फोटोची. इथे मात्र एक्स-रेचं यंत्र नाही, दिवा नाही, कॅमेरा नाही. चकतीतून स्वतःहूनच काही किरण निघत असतील तर फिल्मवर डाग पडेल आणि चकती स्वतःच स्वतःचा फोटो काढेल. या पद्धतीला ऑटोरेडिओग्राफी म्हणतात. ट्रिटियम किरणोत्सारी असतो, दर १२.३ वर्षांनी तो निम्मा होतो आणि विघटन होताना इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. ते इलेक्ट्रॉन फिल्मवर उमटतात.

फिल्म धुतल्यावर काही चकत्यांच्या चित्रात काय दिसलं असेल? चकती सगळीकडे सारखी काळवंडलेली नव्हती. ठिपके होते! इकडे तिकडे विखुरलेले आणि काठालगत कड्यासारखे ओळीनं. म्हणजे जे काही झालं ते ठरावीक जागी झालं, बाकीची चकती गप्प होती. ट्रॉम्बेच्या मंडळींनी यावरून अंदाज बांधला, की ही क्रिया धातूच्या पृष्ठभागाजवळच्या काही खास ठिकाणी होत असावी. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती. खोलीच्या तापमानाला टायटॅनियममधला हायड्रोजन फारसा हलत नाही. पॅलेडियममध्ये तो भराभर फिरतो, म्हणून तिथे सापडलेला ट्रिटियम मुळात कुठे जन्मला हे सांगता येणार नाही. टायटॅनियममध्ये मात्र जिथे असेल तिथेच बसून राहतो.

तर मग झालं का उत्तर? पाठीवर?

इथेच घाई करू नका. फिल्म काय बघू शकते हे आधी विचारा. ट्रिटियममधून सुटलेला इलेक्ट्रॉन फार अशक्त असतो. हवेत तो फार तर पाच-सहा मिलिमीटर जातो, माणसाच्या त्वचेतूनही आत घुसत नाही. टायटॅनियममध्ये तर जेमतेम दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन. त्याखाली कितीही ट्रिटियम असला तरी त्याचा इलेक्ट्रॉन बाहेर पोचणारच नाही, वाटेतच थांबेल. हे इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या अणूंना धडकून थोडे एक्स-किरणही निर्माण करतात आणि ते जरा खोलातून येऊ शकतात. पण तेही मिलिमीटरच्या काही शतांशांपासूनच. म्हणजे फिल्मला मुळी फक्त पाठच दिसते. पोटात शांतता आहे की गोंधळ, हे तिला ठाऊकच नाही. 'ठिपके पृष्ठभागावर दिसले' हे खरं. 'म्हणून आत काहीच घडलं नाही' हे मात्र त्या फिल्मवरून म्हणता येत नाही. दिवा वेशीवर लावला तर वेशीवरचेच वारकरी दिसणार, वाड्यातले नाहीत.

पाठीच्या बाजूनं आणखी एक साक्षीदार आहे, हेलियम. अमेरिकेत चायना लेक इथे मेल्विन माइल्स या रसायनशास्त्रज्ञानं अशाच पॅलेडियमच्या सेलमधून निघणारे वायू तपासले आणि त्यांत हेलियम-४ सापडल्याचं सांगितलं. हेलियम हा धातूत अडकून पडणारा वायू आहे. हायड्रोजन अंगणातून अंगणात सरकतो, हेलियमला ते जमत नाही. खोल पोटात तो तयार झाला असता तर तिथेच कोंडून राहिला असता. तो बाहेरच्या वायूत सापडतो म्हणजे अगदी वरच्या थरातच जन्मला असणार, असा हा युक्तिवाद. चांगला आहे. पण हवेतही थोडा हेलियम असतोच, दहा लाख भागांत पाचच्या आसपास, आणि तो काचेतूनसुद्धा झिरपतो. त्यामुळे या साक्षीदाराची उलटतपासणी कडक करावी लागते. हे काही उगाच सांगत नाही. १९२६ मध्ये बर्लिनला पानेथ आणि पीटर्स या दोघांनी पॅलेडियमच्या मदतीनं हायड्रोजनपासून हेलियम बनवल्याचं जाहीर केलं होतं. मग त्यांनी स्वतःच पुन्हा तपासलं, तेव्हा तो हेलियम त्यांच्या उपकरणातली काच आणि ॲस्बेस्टॉस यांतूनच सुटलेला निघाला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला दावा मागे घेतला.

आणि पोटाच्या बाजूनं कोण बोलतं? कॅलिफोर्नियातले मायकेल मॅकुब्रे. त्यांच्या गटाला जादा उष्णता दिसली ती फक्त पॅलेडियम गच्च भरलेला असतानाच, म्हणजे शंभर अंगणांपैकी नव्वदच्या आसपास भरलेली असताना. वरवरचाच मामला असेल तर आतली अंगणं भरलेली असण्या-नसण्यानं फरक का पडावा? आहे ना बिनतोड प्रश्न? पण यालाही उत्तर आहे. आत जागा रिकामी असेल तर वेशीवर आलेले सगळे आत निघून जातात, वेशीवर दाटी होतच नाही. आतलं गाव भरलं की मगच वेशीवर रेटारेटी सुरू होते. म्हणजे एकाच पुराव्याचे दोन अर्थ लागतात.

मग हा वाद तोडायचा कसा? यासाठी एक गणित आहे, पाचवीतली मुलंही करू शकतील असं. एक सेंटिमीटर बाजूचा पॅलेडियमचा घन घ्या. त्याला सहा बाजू, प्रत्येकीचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण पृष्ठभाग सहा. आता त्याचे एक-एक मिलिमीटर बाजूचे हजार छोटे घन कापा. धातू तेवढाच आहे, वजन तेवढंच, घनफळ तेवढंच. पृष्ठभाग किती झाला? करा गुणाकार. साठ चौरस सेंटिमीटर! क्रिया पोटात होत असेल तर मोठा घन आणि हजार तुकडे यांच्यातून सारखंच उत्पन्न यायला हवं. पाठीवर होत असेल तर तुकड्यांतून दहापट यायला हवं. एवढा सोपा निवाडा!

मग आजवर हा निवाडा का लागला नाही? कारण हे प्रयोग एकसारखे उत्तर देतच नाहीत. आज काही दिसलं, उद्या नाही. या कांडीत दिसलं, तिच्याच जोडीच्या कांडीत नाही. दहापटीचा फरक ओळखायला आधी मूळची एकपट तरी दर वेळी हाती लागायला हवी.

याच ठिकाणी मला एक तिसरं उत्तर खुणावतं आणि ते मला सगळ्यांत मजेदार वाटतं. टायटॅनियम किंवा पॅलेडियम हायड्रोजन पिऊन फुगतो. फुगता फुगता ठिसूळ होतो आणि त्याला बारीक चिरा पडतात. चीर म्हणजे काय? धातूच्या पोटात नव्यानं जन्मलेली पाठ! १९८६ मध्ये, म्हणजे युटाच्या घोषणेच्या आधीच, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ड्यूटेरियम असलेले लिथियमचे स्फटिक जोरदार आघातानं फोडून बघितले होते आणि फुटताना थोडे न्यूट्रॉन निघाल्याचं नोंदवलं होतं. कल्पना अशी, की चीर पडताना तिच्या एका काठावर धन आणि दुसऱ्या काठावर ऋण विद्युतभार गोळा होतो आणि क्षणभर त्या फटीत ड्यूटेरियमची केंद्रकं जोरात फेकली जातात. तापमान थंड, पण त्या फटीतले मोजके कण मात्र वेगवान. ट्रॉम्बेचे झुंडीनं येणारे न्यूट्रॉन आणि फिल्मवरचे सुटे सुटे ठिपके या कल्पनेशी बरे जुळतात. चीर रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पडत नाही. त्यामुळे प्रयोग कधी साधतो, कधी फसतो, याचंही कोडं सुटू शकतं. पण यातून फार थोडे न्यूट्रॉन मिळतील. पाणी तापवणारी उष्णता आणि ट्रिटियमचा तो भलामोठा आकडा याचा उलगडा चिरांनी होत नाही.

आता तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे, की बहुतेक शास्त्रज्ञांना शीत संमीलन घडतं हेच पटलेलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९८९ मध्ये तपासणी समिती नेमली. पुरावे खात्री पटण्याजोगे नाहीत, असं तिनं म्हटलं. २००४ मध्ये पुन्हा आढावा झाला, निष्कर्ष साधारण तोच. ट्रिटियमबद्दल शंका अशी, की अणुभट्टीत वापरलेल्या जड पाण्यात तो तयार होतच असतो. जिथे अणुभट्ट्या आहेत तिथे त्याचा बारीकसा अंश कुठून तरी प्रयोगात शिरू शकतो, म्हणून फार सावध राहावं लागतं. १९९० च्या दशकात ट्रॉम्बेचं हे कामही थांबलं. श्रीनिवासन यांनी मात्र या विषयाचा पाठपुरावा सोडला नाही. २०११ मध्ये चेन्नईला या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि २०१५ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकानं त्यावर खास विभाग काढला, त्याच्या संपादनात ते होते.

२०१९ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा लेख आला. गूगलच्या पैशांवर बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून काही वर्षं शीत संमीलन शोधलं होतं. त्यांना ते सापडलं नाही. पण त्या शोधात त्यांनी धातूत हायड्रोजन किती भरला हे मोजायच्या पद्धती खूप सुधारल्या. आणि या कामाचे एक प्रमुख, कॅनडातल्या व्हँकुव्हरचे कर्टिस बर्लिंगेट, यांच्या गटानं २०२५ मध्ये काय केलं ते ऐका. त्यांनी पॅलेडियमचा पत्रा घेतला. त्याच्या एका बाजूनं ड्यूटेरियमचे वेगवान कण आदळवले. हे शीत संमीलन नव्हे, वेगवान कणांचं ओळखीचं संमीलन आहे, आणि त्याचे न्यूट्रॉन नीट मोजता येतात. मग पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला विजेच्या साहाय्यानं, जड पाण्यातून, आणखी ड्यूटेरियम भरला. न्यूट्रॉन सरासरी १५ टक्क्यांनी वाढले! मिळालेली ऊर्जा दिलेल्या विजेपुढे नगण्य होती, तेव्हा यावर दिवा पेटायचा नाही. पण जागा मात्र इथे बोट ठेवून दाखवता येते. वेगवान कण धातूत मायक्रॉनभरही खोल जात नाहीत, म्हणजे संमीलन पाठीवरच झालं. आणि त्याला लागणारा जादा माल आला मागच्या दारानं, पोटातून वाट काढत.

हे प्रयोग घरी करायचे नाहीत हं. विजेनं पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठतात आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात एका मोठ्या प्रयोगशाळेत अशाच सेलचा स्फोट होऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला होता.

कागदावर मात्र तुम्ही हवा तो प्रयोग करू शकता, म्हणून एक काम देतो. समजा, तुमच्या हातात ट्रॉम्बेची ती ठिपक्यांची चकती आहे, एक्स-रेच्या भरपूर फिल्म आहेत आणि एका वेळी एक मायक्रॉन जाडीचा थर घासून काढणारं यंत्र आहे. पोटात काय आहे ते शोधायची योजना आखा आणि आम्हाला लिहून पाठवा. तीन गोष्टींचं उत्तर तीत हवं. प्रत्येक थर काढल्यावर ठिपके त्याच जागी राहिले तर काय म्हणाल? पहिल्या दोन-चार थरांतच नाहीसे झाले तर काय? आणि ड्यूटेरियमऐवजी साधा हायड्रोजन पाजलेली दुसरी चकतीही शेजारी का ठेवायची? घासून निघालेली भुकटी टाकून देऊ नका, तिच्यातला ट्रिटियमही मोजायचा आहे.